ज्यांचे दुखणे सौम्य होते

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनच्या औषध नियामकांनी कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर तंत्राने माणसाच्या पेशीतला डीएनए बदलून आजारावर इलाज करण्याचा जगातला हा पहिला परवाना. तीन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, अमेरिकेनेही तो दिला. आजार होता सिकलसेल. त्या दिवसांत चर्चा झाली ती क्रिस्परची, ते घडवणाऱ्या दोन स्त्री-शास्त्रज्ञांच्या नोबेलची आणि उपचाराच्या बावीस लाख डॉलर किमतीची. मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब मात्र त्या चर्चेत मागे राहिली. कॅसजेव्ही सिकलसेलची मूळ चूक दुरुस्त करतच नाही. डीएनएमधल्या ज्या एका अक्षरामुळे हा आजार होतो, ते अक्षर उपचारानंतरही जसेच्या तसे राहते. रुग्णाची सुटका होते ती दुसऱ्याच वाटेने. त्या वाटेचा माग लागला तो अशा माणसांमुळे, ज्यांच्या अंगात हाच दोष होता आणि तरीही ज्यांना फारसा त्रास होत नव्हता.

हे पुस्तक त्या वाटेविषयी आहे. पेशीविज्ञान आणि जनुकशास्त्रातल्या नव्या संशोधनाची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची, तर शोधांची जंत्री देण्यापेक्षा एकच आजार धरून त्याच्या मागे शेवटपर्यंत जावे असे मी ठरवले. सिकलसेल निवडण्याची कारणे दोन. माणसाच्या आजाराचे कारण रेणूच्या पातळीवर पहिल्यांदा कळले ते याच आजारात. आणि हा आजार आपला आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापासून गडचिरोलीच्या भामरागडपर्यंत आणि नागपूर शहराच्या वस्त्यांमध्येही तो पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आधी आजार काय आहे ते पाहू. लाल पेशीत हिमोग्लोबिन खच्चून भरलेले असते. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. तिच्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तिथे सिकलसेलमध्ये व्हॅलिन येते, कारण अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एका ए अक्षराच्या जागी टी असते. एवढाच फरक. पण प्राणवायू सोडून दिल्यावर हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांबलचक ताठ धागे बनतात आणि मऊ, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी लाल पेशी मग दोन-तीन आठवड्यांत मरते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हातपाय ठणकतात, कंबर आणि छाती धरते, पाणथरी निकामी होते, लहान मुलांना जंतुसंसर्ग पटकन होतो, कुणाला कोवळ्या वयात पक्षाघात होतो. ज्याने हे दुखणे जवळून पाहिले आहे त्याला त्याची तीव्रता सांगावी लागत नाही. रात्रभर कण्हणाऱ्या मुलाचे हातपाय चोळत बसलेली आई विदर्भात अनेक घरांत आहे.

डिसेंबर १९०४ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल हा दंतवैद्यकाचा विद्यार्थी दाखल झाला. तो वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटाचा. त्याच्या रक्तात अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला चमत्कारिक लांबट पेशी दिसल्या आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, त्याने दवाखाना थाटला आणि १९१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे आहे. विजेच्या क्षेत्रात ते वेगळ्या गतीने सरकते. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक एका अमिनो आम्लापर्यंत आणून ठेवला. म्हणजे नेमकी चूक काय हे कळायला हेरिकनंतर पन्नास वर्षेही लागली नाहीत. पण ती कळल्यानंतर रुग्णाच्या हाती काही ठोस पडायला आणखी कितीतरी दशके गेली. कारण कळले की इलाज जवळच असतो, हा समज या आजाराने खोटा ठरवला. त्या मधल्या दशकांत काय चालले होते, हे या पुस्तकाच्या पहिल्या भागात सविस्तर येईल.

भारतात सिकलसेलची नोंद झाली १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरांतल्या आदिवासींमध्ये. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या वाहकांविषयी लॅन्सेट या नियतकालिकात लिहिले. पुढे पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्राचे कानाकोपरे पालथे घालून रक्ताचे नमुने तपासले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समाजांत हा जनुक वाहणाऱ्यांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत भरले. इतर काही समाजांत तो जवळजवळ नव्हताच. विदर्भात अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागास समाजांतही तो बऱ्यापैकी आहे. सिकलसेल म्हणजे फक्त आदिवासींचा आजार, असे सरकारी कागदांत आणि भाषणांतही अजून सर्रास म्हटले जाते. त्याने नागपूरच्या वस्तीतल्या रुग्णाचे नुकसान होते. त्याला कुणी मोजतच नाही.

इतका घातक जनुक इतक्या लोकांत टिकला कसा? अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून उत्तर दिले. आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा जनुक मिळालेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. दोघांकडून मिळाला तर मात्र आजार होतो. रक्ताचे दोष आणि मलेरिया यांचा असा संबंध असावा, ही कल्पना जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्येच थॅलेसेमियाबाबत मांडली होती. हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. ज्या प्रदेशात त्यांनी अखेरचे दिवस काढले, त्याच ओडिशातून या कथेचा पुढचा महत्त्वाचा धागा निघतो.

पण तो उचलण्याआधी ब्रुकलिनला जावे लागेल. तिथे जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ होत्या. सिकलसेलचा दोष घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फारच कमी दिसतात, हे त्यांनी १९४८ मध्ये नोंदवले. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ठणठणीत असते, मग त्रास सुरू होतो. वॉटसन यांनी अंदाज बांधला की गर्भात असताना बाळ जे वेगळे हिमोग्लोबिन वापरते, तेच त्याला सांभाळत असावे. त्या गर्भकालीन हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळ्यांऐवजी गॅमा साखळ्या असतात. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचे जनुक गप्प होतात आणि बीटाचे काम सुरू होते. ज्याचा बीटा निरोगी आहे त्याला या बदलाचा पत्ताही लागत नाही. सिकलसेलच्या बाळाचा आजार मात्र तिथून सुरू होतो. पॉलिंगचा प्रसिद्ध लेख आला त्याच्या आदल्या वर्षीची ही नोंद. तिच्याकडे जगाने तेव्हा तितकेसे लक्ष दिले नाही याची मला हळहळ वाटते, कारण पंचाहत्तर वर्षांनंतरच्या इलाजाचे सूत्र त्या नोंदीत होते.

नंतर तशीच साक्ष मोठ्या माणसांकडूनही येऊ लागली. सौदी अरेबियाच्या पूर्वेकडच्या कतीफ आणि हासा या भागांत सिकलसेलचे असे प्रौढ रुग्ण आढळले, ज्यांना आफ्रिकी किंवा जमैकन रुग्णांच्या मानाने बराच कमी त्रास होता. ओडिशात संबलपूरजवळच्या बुर्ला वैद्यकीय महाविद्यालयातील बी. सी. कर आणि जमैकात आयुष्य घालवलेले ग्रॅहम सर्जंट यांनी सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये तेच चित्र तिथल्या रुग्णांत दाखवले. या सगळ्यांच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन प्रौढपणीही बरेच शिल्लक होते, अनेकदा १५-२० टक्क्यांच्या घरात. भारतातला आणि अरबस्तानातला सिकलसेलचा जनुक एकाच कुळातला आहे आणि त्याच्या शेजारीच एक बदल बसलेला आहे, जो गॅमाला पूर्ण गप्प होऊ देत नाही. महाराष्ट्रातले रुग्णही त्याच कुळातले. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य पुढे इतके सैलपणे वापरले गेले की नागपूरच्या डॉक्टरांना ते खोडून काढण्यात वर्षे घालवावी लागली. तिथे वारंवार भरती होणारी, रक्त चढवावे लागणारी मुले होती आणि आहेत. सरासरी सौम्य असली, तरी समोरचे मूल सौम्य असेलच असे नाही.

आता प्रश्न असा होता की गॅमाला गप्प करते कोण? ते सापडले तर त्याला अडवता येईल. या शोधाचा पाठलाग मला या संपूर्ण कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून इथे थोडा थांबतो. २००७-०८ मध्ये दोन ठिकाणी एकच पद्धत वापरली गेली. लंडनला स्वी ले थीन यांच्या गटाने आणि भूमध्य समुद्रातल्या सार्डिनिया बेटावर दुसऱ्या एका गटाने हजारो माणसांच्या डीएनएमधल्या लाखो जागा तपासल्या आणि विचारले: प्रौढपणीही ज्यांचे गर्भकालीन हिमोग्लोबिन थोडे जास्त राहते, त्यांच्यात वेगळे काय आहे? दोन्हीकडे बोट गेले दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११ए या जनुकाकडे. त्याचे नाव तोवर लिम्फोमा या कर्करोगाच्या संदर्भात घेतले जाई. हिमोग्लोबिनशी त्याचा काही संबंध असेल असे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. बोस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन या तरुण संशोधकाने २००८ मध्ये दाखवले की हे प्रथिन कमी केले की गॅमा पुन्हा जागा होतो. २०११ मध्ये सिकलसेल झालेल्या उंदरांत ते काढून टाकल्यावर उंदीर बरे झाले.

काम संपले असे वाटावे, तर नाही. बीसीएल११ए शरीरात इतरत्रही लागते. मेंदूच्या वाढीला लागते, रोगप्रतिकारक पेशी बनायला लागते. ते सरसकट बंद केले तर एका आजाराच्या बदल्यात दुसरे पदरी पडतील. २०१३ मध्ये डॅनियल बाउअर आणि ऑर्किन यांना दिसले की माणसांमधले ते फरक जनुकाच्या मजकुरात नाहीतच. ते त्याच्या आतल्या एका अशा तुकड्यात आहेत, ज्यातून प्रथिन बनत नाही. तो फक्त लाल पेशी घडवणाऱ्या पेशींना सांगतो की हा जनुक चालू ठेवा. मग तो तुकडा शेकडो जागी कापून पाहिला गेला आणि नेमक्या कोणत्या काही अक्षरांवर घाव घातला की जनुक फक्त लाल पेशींपुरता थंडावतो, मेंदूत आणि इतरत्र चालू राहतो, हे निश्चित झाले. आज कॅसजेव्ही नेमका तिथेच कापतो. ज्या डीएनएला एके काळी निरुपयोगी अडगळ म्हटले जाई, त्यातल्या काही अक्षरांवर आता माणसांचे जगणे अवलंबून आहे.

क्रिस्परविषयी इथे फार लिहीत नाही. त्याला पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. स्पेनमधल्या आलिकान्तेजवळच्या खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव अभ्यासणाऱ्या फ्रान्सिस्को मोहिका यांना डीएनएमधल्या विचित्र पुनरावृत्तीचे कोडे पडले होते. दह्याचे विरजण बनवणाऱ्या कंपनीला आपल्या जिवाणूंना विषाणूंपासून वाचवायचे होते. आणि २०१२ मध्ये एमान्युएल शार्पांतिये व जेनिफर डाउडना यांनी ते तंत्र हवे तिथे डीएनए कापणारे साधन म्हणून मांडले. यापैकी कुणीही सिकलसेलवर औषध शोधत नव्हते. संशोधनाला पैसा देताना ‘याचा उपयोग काय’ हा एकच प्रश्न विचारणाऱ्यांनी एवढी साखळी तरी नीट पाहावी.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या व्हिक्टोरिया ग्रे यांना नॅशव्हिलमध्ये त्यांच्याच, क्रिस्परने संपादित केलेल्या मूळपेशी परत देण्यात आल्या. चार मुलांची ही आई बालपणापासून वेदनेच्या झटक्यांनी रुग्णालयात जात-येत होती. ते झटके थांबले. कॅसजेव्हीच्या चाचणीत ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही तीव्र झटका आला नाही. आकडे मोठे आहेत, पण त्यामागे रुग्णाला काय सोसावे लागते हेही वाचकाला कळले पाहिजे. रक्तातून मूळपेशी गोळा करण्यासाठी अनेक फेऱ्या, त्या कारखान्यात पाठवून संपादन, मग बसल्फान या जहाल औषधाने स्वतःची अस्थिमज्जा रिकामी करणे, त्यानंतर नव्या पेशी रुजेपर्यंत आठवडेच्या आठवडे रुग्णालयात. केस जातात, तोंड सोलवटते, पुढे मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका असतो. आणि किंमत, तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये.

ज्यांच्या रक्ताने वाट दाखवली त्यांच्यापासून हा उपचार सर्वांत दूर आहे, हे मला बोचते. ओडिशाच्या खेड्यातल्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून मिळालेले ज्ञान बोस्टनला कामी आले. त्या रुग्णाच्या नातवाला ते परत कधी मिळणार? आशा धरायला जागा आहे, आणि ती मी भाबडेपणाने धरत नाही. मुंबईच्या आयआयटीने टाटा मेमोरियलसोबत रक्ताच्या कर्करोगावरची नेक्सकार१९ ही पेशीचिकित्सा घडवली. २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि परदेशातल्या तशाच उपचारांच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती मिळू लागली. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्सिसेला नोविसिडा या जिवाणूतले कॅस-९ हे डीएनए कापणारे प्रथिन निवडले, कारण ते नको त्या जागी कमी कापते. त्या कामातून उभ्या राहिलेल्या सिकलसेलच्या उपचाराला बिरसा मुंडा यांचे नाव देऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले जात आहे. घोषणा आणि वॉर्डातला रुग्ण यांच्या मध्ये चाचण्यांची वर्षे असतात, हे मात्र रुग्णांच्या कुटुंबांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

नको त्या जागी कापण्याची भीती पोकळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की बीसीएल११ए साठी वापरलेला, कापायची जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए काही माणसांत दुसऱ्याच जागी कापू शकतो, कारण त्यांच्या डीएनएमध्ये तिथे एक वेगळे अक्षर असते. ते अक्षर आफ्रिकी वंशाच्या लोकांत तुलनेने जास्त आढळते. त्यातून अपाय झाल्याचे दिसलेले नाही. पण युरोपीय माणसांच्या जनुकसंचावर तपासून सुरक्षित ठरवलेले साधन माडिया किंवा पावरा माणसात तसेच वागेल, हे गृहीत धरता येत नाही. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली, तिचे महत्त्व इथे आहे. त्यात आपले छोटे समाज किती आले आणि त्यांची संमती कशी घेतली, हे विचारत राहणे आपले काम आहे.

संशोधन आता आणखी दोन दिशांनी चालले आहे. एक, पेशी बाहेर न काढता शरीरातच संपादन. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात यकृताचा दुर्मीळ दोष असलेल्या एका बाळासाठी खास त्याच्यापुरते औषध काही महिन्यांत घडवून दिले गेले. यकृतापर्यंत ते पोचवणे सोपे, अस्थिमज्जेपर्यंत पोचवणे अजून अवघड. दोन, गोळी. २०२४ मध्ये एका गटाने विझ नावाचे प्रथिन पेशीतून नष्ट करून गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवणारा रेणू उंदरांत आणि माकडांत यशस्वी करून दाखवला. माझा कौल मनापासून या गोळीच्या बाजूने आहे, कारण ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ठेवता येईल. तरी सावध राहायला हवे: व्हॉक्सेलोटर हे २०१९ मध्ये मान्य झालेले सिकलसेलचे औषध २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतले.

आणि जे आजच हातात आहे ते? हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ मध्ये मोठ्या चाचणीने तिचा उपयोग सिद्ध केला. नागपूरमध्ये डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आपल्या मुलांना ती कमी मात्रेतही चांगली लागू पडते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले होते. तपासणीनंतर हातात पडलेल्या कार्डाबरोबर गोळी नियमित मिळाली नाही, तर ते कार्ड मुलीचे लग्न मोडण्यापुरतेच उरते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. दोन वाहकांनी लग्न केले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि गर्भाला आजार आहे का हे गर्भारपणाच्या सुरुवातीलाच तपासता येते. हे समजावून सांगणारे माणूस गावात असेल तर तपासणीला अर्थ आहे.

ज्या वाचकांच्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, किंवा रिपोर्टवर एएस, म्हणजे वाहक, अशी अक्षरे आली आहेत, त्यांनी इतिहासाची प्रकरणे तूर्त बाजूला ठेवून थेट शेवटचे प्रकरण उघडावे. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी एचपीएलसी तपासणी केव्हा करायची, हायड्रॉक्सियुरिया घेताना रक्त किती दिवसांनी तपासायचे, ताप आलेल्या मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे का न्यायचे, आणि जनुक संपादनाच्या चाचणीत नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, हे लिहिले आहे.